पांढरा हायड्रेंजिया आणि आपली परसबाग

शेतीच्या मासिकांतून ऊस, कापूस, द्राक्षें, डाळिंब यांविषयीं सविस्तर लेख येतात, आणि ते यावेतच. कारण त्यांवर आपला संसार चालतो. परंतु घराच्या मागील दारीं जी दोन-चार गुंठ्यांची परसबाग असते, तिच्याशीं मात्र आपण असें वागतों कीं, जणूं ती जमीनच नव्हे. शेतांत बीं टाकण्यापूर्वीं जो खातेदार माती तपासून घेतो, विहिरीचें पाणी किती तास पुरेल याचा हिशेब करितो, तोच परसांत झाड लावतांना एखादें रंगीत चित्र पाहून भुलतो. शेताला एक न्याय आणि परसाला दुसरा, हें बरें नव्हे. ज्या झुडपानें हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरीं उभा केला आहे, त्या पांढऱ्या हायड्रेंजियाचाच विचार येथें करावयाचा आहे.

हायड्रेंजियाला आपल्या भाषेंत रूढ असें नांव नाहीं. तेव्हां परकें नांवच वापरणें भाग आहे. लग्नमंडपांच्या सजावटींतून व मोबाईलवरील चित्रांतून याचे फुलकोबीच्या गड्ड्याएवढे पांढरेशुभ्र गेंद लोकांनीं पाहिले, आणि आपल्या ओट्यापुढें तसेंच एक झुडूप असावें अशी हौस उत्पन्न झाली. हौसेला माझा विरोध नाहीं. ज्या घरापुढें फूल नाहीं तें घर धान्यानें भरलेलें असलें तरी उदास दिसतें. शिवाय पांढऱ्या फुलाचा एक गुण असा कीं, दिवसभर शेतांत राबून माणूस तिन्हीसांजेला घरीं येतो, तेव्हां लाल-जांभळीं फुलें काळोखांत विरून गेलेलीं असतात. पांढरें फूल मात्र शेवटच्या उजेडापर्यंत डोळ्यांना दिसतें. म्हणून पांढरें झुडूप निवडणें हा विचार चांगलाच आहे. प्रश्न एवढाच कीं, तें झुडूप कोणतें आणि कोणत्या जमिनींत.

प्रथम या झाडाची ओळख करून घेऊं. हायड्रेंजिया हें नांव १७५३ सालीं लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ग्रंथांतून शास्त्रांत रूढ झालें. ग्रीक भाषेंत पाणी आणि भांडें या अर्थाचे जे दोन शब्द आहेत, त्यांपासून तें बनलें आहे. कारण याचें बियांचें बोंड लहानशा घागरीसारखें दिसतें. नांव पडलें तें बोंडावरून, परंतु झाडाच्या तहानेलाही तें तितकेंच लागू पडावें हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बागांतून सर्वत्र दिसणारी जी मोठ्या पानांची जात, तिचें मूळ घर जपान. तेथें तिला आजिसाई म्हणतात; जून-जुलैच्या पावसांत ती फुलते, आणि कामाकुरा येथील मेइगेत्सु-इन या मंदिराचें आवार तिच्या बहरासाठीं प्रसिद्ध आहे. युरोपांत ती अठराव्या शतकाच्या अखेरीस पोहोंचली. आपल्या हिमालयांतही हायड्रेंजियाच्या रानटी जाती आहेत. त्यांपैकीं हेटेरोमाला नांवाच्या जातीस पांढरे तुरे येतात. म्हणजे हें कूळ हिंदुस्थानास अगदींच परकें आहे असें नाहीं. परंतु तें राहतें थंड, ओल्या व अर्धवट सावलीच्या डोंगरउतारावर, ही गोष्ट विसरतां कामा नये.

आपण ज्याला फूल म्हणतों तें बहुतांशीं खरें फूल नव्हे. गेंदांतील पाकळ्यांसारखे दिसणारे भाग हे निदल असून खरीं फुलें अगदीं बारीक, आंत दडलेलीं असतात. निदल जाड व टिकाऊ असल्यामुळें गेंद कित्येक आठवडे झाडावर राहतो. या फुलास आपल्या मोगऱ्यासारखा वास मात्र नाहीं.

आतां रंगाची गोष्ट. निळा व गुलाबी हायड्रेंजिया हीं पुष्कळदां एकाच झाडाचीं दोन रूपें असतात. माती आंबट, म्हणजे सामू साडेपांचच्या आसपास वा त्याखालीं असेल, तर मातींतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांवाटे फुलांत जातें आणि फूल निळें होतें. माती गोडी वा चुनखडीची असेल तर ॲल्युमिनियम मिळत नाहीं आणि तेंच फूल गुलाबी होतें. यावरूनच तुरटी घातली कीं फूल निळें होतें असें सांगतात. तुरटींत ॲल्युमिनियम असतें, म्हणून त्यांत तथ्य आहे. परंतु पांढऱ्या वाणांत तें रंगद्रव्यच नसतें. त्यांना तुरटी घाला कीं चुना घाला, पांढरें तें पांढरेंच राहणार. फार तर जुनें झाल्यावर फुलावर हिरवट छटा येईल किंवा उन्हानें गुलाबी ठिपके पडतील. म्हणून “हें पांढरें रोप न्या, आणि मनांत येईल तेव्हां निळें करा,” असें कोणी विक्रेता सांगूं लागला तर त्याचा माल घेण्यापूर्वीं त्याच्या ज्ञानाची परीक्षा झाली असें समजावें.

मात्र यावरून पुष्कळ लोक असा उलटा निष्कर्ष काढतात कीं, पांढऱ्यास मातीचा रंग लागत नाहीं, तेव्हां त्यास कोणतीही माती चालेल. हाच या सर्व प्रकरणांतील घोटाळा होय. माती फुलाचा रंग बदलीत नसली तरी झाडाचें जगणें-मरणें तिच्याच हातीं असतें. निळ्या हायड्रेंजियाचा एक फायदा असा कीं, तो गुलाबी पडला म्हणजे मालकास मातीची बातमी निदान फुलावरून कळते. पांढरा हायड्रेंजिया फुलावरून कांहींच सांगत नाहीं. त्याचीं पानें पिवळीं पडूं लागेपर्यंत मालक निर्धास्त असतो.

पांढऱ्यांत निवड करावयाची तर मुख्य जाती चार. पहिली वर सांगितलेली मोठ्या पानांची मॅक्रोफायला. हिचा ‘मादाम एमिल मुलियेर’ हा पांढरा वाण फ्रान्समध्यें १९०९ सालीं तयार झाला, आणि शंभर वर्षें उलटून गेलीं तरी अद्याप नांवाजला जातो. याच जातींत गेंदाऐवजीं चपटा, मध्यें बारीक फुलें व कडेला पांढऱ्या पाकळ्यांची झालर असलेले जाळीदार वाणही आहेत. दुसरी आर्बोरेसेन्स. ही अमेरिकेची. हिचा ‘ॲनाबेल’ हा वाण इलिनॉय संस्थानांतील ॲना या गांवाजवळ १९१० च्या सुमारास रानांत सांपडला आणि १९६० नंतर सर्वत्र पसरला. तिसरी पॅनिक्युलाटा, शंकूसारख्या लांबट तुऱ्यांची. ही चारही जातींत ऊन अधिक सोसते. चौथी क्वेर्सिफोलिया, कातरलेल्या पानांची. ती अमेरिकेच्या आग्नेय भागांतील असून अलाबामा संस्थानानें १९९९ सालीं तिला आपलें रानफूल म्हणून मान दिला.

या चार जातींत छाटणीचा जो भेद आहे तो प्रत्येक घेणाऱ्यानें पाठ करून ठेवावा. मॅक्रोफायला व क्वेर्सिफोलिया यांना फूल येतें तें मागील हंगामांत वाढलेल्या जुन्या काडीवर. म्हणून त्यांची छाटणी फुलें सरतांच करावी, आणि तीही गेंदाखालच्या पहिल्या जोमदार डोळ्यांच्या जोडीवर. हिंवाळ्यांत कात्री चालविली तर पुढील वर्षाचीं फुलेंच कापलीं गेलीं. आर्बोरेसेन्स व पॅनिक्युलाटा यांना फूल येतें नव्या फुटीवर. त्यांची छाटणी हिंवाळ्याच्या अखेरीस करावयाची. द्राक्षाच्या एप्रिल व ऑक्टोबर छाटणीचा भेद ज्यांस कळतो त्यांस हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. परंतु रोप विकत घेतांना जात कोणती हें न विचारणारे लोक छाटणी कशी बरोबर करणार?

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. मीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें महसुली दप्तरांत घालविलीं. तेथें एक शिस्त अंगीं बाणली कीं, कागद पाहिल्यावांचून नोंद घालावयाची नाहीं. हायड्रेंजिया लावण्यापूर्वींही तीन दाखले पाहावेत: मातीचा, पाण्याचा आणि हवेचा. तिन्ही अनुकूल असतील तर खुशाल लावावा. दोन असतील तर कुंडींत प्रयोग करावा. एकच असेल तर चित्र पाहूनच समाधान मानावें.

पहिला दाखला मातीचा. या झाडास किंचित् आंबट, सेंद्रिय पदार्थांनीं भरलेली, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी माती लागते. सामू साडेपांच ते साडेसहा असला म्हणजे उत्तम. आपल्या देशावरील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली. तिचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ, आणि पुष्कळ ठिकाणीं खालीं चुनखडीचे खडे. अशा मातींत लोह असतें, पण मुळांस मिळत नाहीं. उसावर केवडा पडतो तो आपण पाहतों: पान पिवळें आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हायड्रेंजियावरही नेमका तसाच केवडा पडतो, मात्र उसाच्या मानानें हें झुडूप फारच नाजूक. खड्ड्यांत थोडें गंधक टाकून चुनखडीची जमीन आंबट होईल अशी कोणी आशा धरूं नये. चार बाजूंच्या चुन्यापुढें मूठभर गंधकाचें बळ किती टिकणार? ज्यास शंका असेल त्यानें चिमूटभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला तर जमिनींत चुना आहे, असें मानावें. फेस न आला तरी खात्रीसाठीं नमुना माती-परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावा. २०१५ सालापासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना चालू झाली, आणि पुष्कळांच्या घरीं ती पत्रिका आहे. परंतु ती शेताची. परसाची माती, विशेषतः जेथें बांधकामाचा चुना-सिमेंट पडलेला असतो तेथील, शेताहून निराळी असूं शकते.

दुसरा दाखला पाण्याचा. एवढालीं मऊ पानें पाणी झपाट्यानें उडवितात. दुपारच्या उन्हांत झाड असें मान टाकतें कीं, पाहणाऱ्यास तें मेलेंच असें वाटावें. संध्याकाळीं पुन्हां उभें राहतें. चैत्र-वैशाखांत मोठ्या कुंडीस दररोज दोन-तीन लिटर पाणी सहज लागतें. शिवाय पाणी कोणतें, हाही प्रश्न आहे. देशावरील पुष्कळ विहिरींचें पाणी जड, क्षारांचें. आंबट माती विकत आणून कुंडी भरली, तरी असें पाणी वर्षभर घातल्यावर ती माती पुन्हां गोडी होऊं लागते, आणि मूळ प्रश्न पुन्हां दारांत येऊन उभा राहतो.

तिसरा दाखला हवेचा, आणि याचाच विचार सर्वांत कमी होतो. मॅक्रोफायलाची पुष्पकळी धरते ती रात्रीं गार होऊं लागल्यावर, कित्येक आठवड्यांच्या थंडव्यांत. पुढें कांहीं काळ थंडींत विश्रांति मिळाली म्हणजे ती चांगली उमलते. बाकीच्या तीन जातींना तर खऱ्या हिंवाळ्याची आणखीच गरज. आतां आपला प्रांत पाहा. कोंकणांत जांभ्याची आंबट माती आहे, पाऊस भरपूर आहे; पण किनाऱ्याजवळ थंडी नांवापुरती. देशावर पौष-माघांत रात्रीं थंडी पडते. पण माती चुन्याची, आणि त्यानंतरचा उन्हाळा कोरडा व तापट. विदर्भांत हिंवाळ्याच्या रात्री गार असतात. परंतु मे महिन्यांत पारा ४५ अंशांकडे धांवतो तेव्हां हें झुडूप तेथें उघड्यावर तग धरील ही अपेक्षाच चुकीची. तिन्ही गोष्टी एकत्र येतात त्या सह्याद्रीच्या माथ्यावर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३७० मीटर उंच, माती जांभ्याची, पाऊस साधारणतः साडेपांच हजार मिलिमीटरांच्या वर, आणि थंडी अशी कीं एखाद्या वर्षीं वेण्णा तलावाच्या काठीं दंवही गोठतें. उटी, मुन्नार, दार्जिलिंग, शिमला येथें हें झाड का फुलतें याचेंही उत्तर हेंच.

यावर कोणी म्हणेल, “आमच्याकडे मैदानांतही गेल्या वर्षीं रोप आणलें, तें फुललें होतें, मग हवेचें काय घेऊन बसलांत?” रोप फुललें होतें हें खरें, परंतु त्या फुलांची कळी कोठें धरली? थंड हवेच्या ठिकाणीं किंवा हवा राखलेल्या काचघरांत. आपल्या घरीं ती केवळ उमलली. दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर ती फुलें म्हणजे मागील सालची शिल्लक, चालू सालची वसुली नव्हे. शिल्लक पाहून जो खर्च वाढवितो तो पुढल्या वर्षीं अडचणींत येतो. रोप आपल्या घरीं खरोखर रुजलें कीं नाहीं हें पहिल्या बहरावरून ठरत नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या बहरावरून ठरतें. म्हणून ज्यास हौस असेल त्यानें प्रथम एकच रोप घ्यावें, दोन वर्षें पाहावें, आणि मग दहा घेण्याचा विचार करावा. कुंपणाकडेनें पन्नास रोपें एकदम लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो सल्ला देणाऱ्यास त्यांतून काय मिळतें हेंही पाहावें.

आतां ज्यांचे दाखले अनुकूल आहेत त्यांच्यासाठीं लागवडीची रीत सांगतों. महाबळेश्वर, पांचगणी व घाटमाथ्यावरील तत्सम गांवांतील बंधूंनीं घराच्या पूर्वेस जागा निवडावी, म्हणजे सकाळचें दोन-तीन तास ऊन मिळून दुपारीं सावली येईल. दीड-दोन फूट लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा घेऊन त्यांत कुजलेला पालापाचोळा व जुनें शेणखत मातीबरोबर मिसळावें. दोन रोपांत चार-पांच फूट अंतर ठेवावें. बुंध्याभोंवतीं वाळक्या पाल्याचें तीन-चार इंच आच्छादन बाराही महिने असावें. मुळें उथळ असल्यामुळें खुरपें खोल घालूं नये. नत्राचें खत बेतानें द्यावें, नाहींतर पानांचें रान माजेल आणि फूल दिसणार नाहीं. तेथील मुसळधार पावसांत भरगच्च गेंद पाण्यानें जड होऊन जमिनीवर लोळतात व कुजतात. यास्तव जाळीदार वाण अधिक सोयीचे. गेंदाचे लावल्यास कांबीचा आधार द्यावा. पावसानंतर फेब्रुवारी ते मे हे महिने तेथेंही टंचाईचे असतात, तेव्हां पाण्याची तजवीज आधीं करावी. नवीं रोपें विकत घेण्याचें कारण नाहीं: पावसाळ्यांत, फूल न आलेल्या फांदीचा चार-सहा इंचांचा तुकडा घेऊन, वरचीं दोन पानें अर्धी कापून, ओलसर वाळू व पालाखताच्या मिश्रणांत सावलींत लावला कीं महिन्याभरांत मुळें धरतो.

देशावर ज्यास एखादें झाड हवेंच असेल त्यानें तें जमिनींत न लावतां बारा ते चौदा इंचांच्या मातीच्या कुंडींत लावावें. लाल माती, पालाखत व नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घेऊन त्यांत थोडें जुनें शेणखत घालावें. काळी माती मुळींच घालूं नये. पावसाचें पाणी पिंपांत सांठवून शक्य तोंवर तेंच घालावें. पानें पिवळीं पडूं लागल्यास हिराकस अगदीं थोडा, लिटरभर पाण्यांत एक-दोन ग्रॅम, महिन्या-दीड महिन्यानें द्यावा. उन्हाळ्यांत कुंडी आंब्यासारख्या दाट झाडाच्या सावलींत हलवावी. कोरड्या हवेंत पानांच्या मागें लाल कोळी होतात, दमट कोंदट जागीं भुरी येते; पहिल्यास पानांची खालची बाजू पाण्यानें धुणें व निंबोळी अर्क, दुसऱ्यास मोकळी हवा हे सोपे उपाय.

एक सूचना गोठा असणाऱ्या प्रत्येकानें मनावर घ्यावी. हायड्रेंजियाचीं पानें, कळ्या व फुलें यांत विषारी द्रव्य असतें. जनावरांनीं, शेळ्यांनीं वा कुत्र्यानें तीं खाल्लीं तर त्यांस बाधा होते. छाटणीचा पाला हिरवा दिसला म्हणून गव्हाणींत टाकूं नये, आणि बांधलेल्या शेळीच्या तोंडाशीं हें झुडूप लावूं नये. चित्रांत ही गोष्ट दिसत नाहीं.

येथवर माती, पाणी, हवा यांचा विचार झाला. परंतु माझ्या मतें या सर्वांहून मोठा प्रश्न एक आहे, आणि तो असा कीं, या झाडास रोज पाणी घालणार कोण? २०१३ सालच्या उन्हाळ्यांत दुष्काळी गांवांतून टँकरच्या फेऱ्यांची नोंद घेण्याचें काम आमच्याकडे होतें. एका वस्तीवर एका मोठ्या घराच्या दारांत शोभेचीं रोपें ओळीनें वाळून उभीं होतीं. मीं सहज विचारलें, तेव्हां त्या घरच्या वृद्ध बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, झाड कुणी बी लावावं, पर पानी कोन घालनार त्ये आधी इचारावं.” या एका वाक्यांत जें शहाणपण आहे तें बागकामाच्या पुष्कळ पुस्तकांत सांपडणार नाहीं. रोप आणतो घरचा कर्ता पुरुष किंवा शहरांत शिकणारा मुलगा. त्याची छबी काढून चार लोकांस दाखवितोही तोच. पण वैशाखांत हंड्यांतलें पाणी वांचवून त्या रोपापर्यंत नेते ती घरची बाई. परसबाग हें तिचें क्षेत्र. आळू, मिरची, कढीपत्ता, शेवगा, तुळस हीं तिनें तेथें सांडपाण्यावर वाढविलेलीं असतात. त्या क्षेत्रांत नवें, तहानलेलें कूळ घालावयाचें तर तिची संमति घेतल्यावांचून घालूं नये. सात-बाऱ्यावर तिचें नांव असो वा नसो, परसांतील नोंदीस तिचीच सही लागली पाहिजे. हायड्रेंजियास साबणाचें, क्षाराचें सांडपाणी चालत नाहीं. म्हणजे त्याच्या वांट्याचें पाणी हें पिण्याच्या पाण्यांतूनच निघणार, हें तिला कळतें तसें आपणांसही कळलें पाहिजे.

मग देशावरील घरानें पांढऱ्या फुलांची हौस सोडून द्यावी काय? मुळींच नाहीं. आपल्या मातींत व आपल्या उन्हांत फुलणारीं पांढरीं फुलें इतकीं आहेत कीं, नीट निवड केल्यास बाराही महिने परसांत पांढरें फूल राहील. तगर जवळजवळ वर्षभर फुलते, आणि हिरव्या दाट झुडपावर पांढरी चांदणी हवी असेल तर तिच्याइतकें बिनतक्रार झाड दुसरें नाहीं. उन्हाळ्यांत मोगरा, त्याची छाटणी मार्गशीर्ष-पौषांत करून पाणी कांहीं दिवस तोडलें कीं फाल्गुनापासून कळी येते. पावसाळ्यांत जाई, जुई व निशिगंध. श्रावणापासून पुढें पारिजातक, ज्याचा सडा सकाळीं अंगणांत पडतो. पाऊस पडून गेल्यावर कामिनीचें झुडूप, ज्यास कोणी कुंती म्हणतात, एका रात्रींत पांढरें होतें. हिंवाळ्यांत कुंद. पांढरा चाफा तर मुरमाड जागेंतही उभा राहतो. अनंत मात्र हायड्रेंजियाप्रमाणेंच चुन्याच्या जमिनींत पिवळा पडतो, म्हणून तो कोंकणांत जमिनींत व देशावर कुंडींत लावावा. यांतील बहुतेक फुलांस सुवास आहे, देवाला चालतात, मुलीबाळींच्या वेणींत जातात, आणि मोगरा-निशिगंध जास्त झाले तर बाजारांतही विकतात. हायड्रेंजियाचा गेंद दिसतो मोठा. परंतु देवघरांत वा गजऱ्यांत आपल्याकडे त्याचा रिवाज नाहीं.

येथें एक गैरसमज होऊं नये. परदेशी म्हणून हायड्रेंजिया नको, असें माझें म्हणणें नाहीं. मिरची, पेरू, सीताफळ, झेंडू आणि खुद्द निशिगंध हीं सर्व मूळचीं अमेरिका खंडाकडील. आज त्यांवांचून आपलें पान हलत नाहीं. तीं येथलीं झालीं, कारण त्यांना येथली माती, येथलें पाणी व येथलें ऊन मानवलें. झाड कोठून आलें हा प्रश्न गौण. तें येथें कशावर जगणार हा प्रश्न मुख्य. हायड्रेंजिया महाबळेश्वरीं परका नाहीं, आणि अनंत गुजराथी चुनखडीच्या शेतांत आपला नाहीं. झाडाचें गांव जन्मावरून नव्हे, मातीवरून ठरवावें.

तसेंच हौस ही फुकट गोष्ट आहे असेंही मला म्हणावयाचें नाहीं. उलट घाटमाथ्यावरील ज्या बंधूंच्या घरीं पाहुण्यांची वर्दळ असते, त्यांनीं दारांत हायड्रेंजियाचीं चार झुडपें जरूर लावावीं. येणाऱ्याचे डोळे निवतील आणि झाडही सुखानें राहील. माझा आग्रह एवढाच कीं, हौस विचारपूर्वक करावी. शेतांतलें पीक बुडालें तर त्याची नोंद होते, पंचनामा होतो. परसांतलें झाड वाळलें तर त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. परंतु त्याला घातलेलें पाणी, खर्चिलेले रुपये आणि घरच्या माणसाचे श्रम हे कोठें तरी खर्चीं पडलेलेच असतात.

सारांश, पांढरा हायड्रेंजिया हें सुंदर झाड आहे. परंतु त्याला थंड हवा, आंबट माती व गोडें पाणी या तिन्हींची भूक आहे, आणि पांढऱ्या फुलाला कोणताच रंग चढत नसला तरी मातीचा गुण-दोष चुकत नाहीं. ज्याच्या गांवीं हे तिन्ही दाखले मिळतात त्यानें तें लावावें व नीट सांभाळावें. ज्याच्या गांवीं मिळत नाहींत त्यानें कुंडींत एखादें ठेवून पाहावें, किंवा दारांत तगर, मागें मोगरा व अंगणांत पारिजातक लावून बारा महिन्यांची पांढरी शोभा थोडक्या पाण्यांत मिळवावी. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक वाचकानें परसांतील मूठभर माती घेऊन तिची परीक्षा करावी, आणि रोप कोणतें आणावें हें घरांतील बाईमाणसांस विचारून मगच रोपवाटिकेची वाट धरावी, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.